कन्सेंटची मुदत संपण्याआधी: सांडपाणी आणि घातक कचऱ्याच्या परवानगीचं नूतनीकरण, शुल्कासकट

कन्सेंटच्या, म्हणजे प्रदूषण मंडळाच्या परवानगीच्या, नूतनीकरणाचा अर्ज अडकला की कारखान्याचा मालक पहिलं वाक्य हेच म्हणतो, "अहो, फी तर केव्हाच भरली!" फी खरंच भरलेली असते. अर्ज अडकतो तो आकडे एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून. सीएच्या सर्टिफिकेटात गुंतवणूक एक आणि अर्जात दुसरीच. पाण्याच्या बिलातून निघणारा वापर कन्सेंटवरच्या आकड्यापेक्षा जास्त. वार्षिक विवरणपत्रात सहा टन गाळ, तर मॅनिफेस्टची, म्हणजे कचरा पाठवल्याच्या कागदांची, बेरीज तीन टनांच्या आसपास. त्यामुळे या लेखात पैसे भरायच्या पायरीवर मी थोडंच लिहिलं आहे आणि त्याआधीच्या ताळ्यावर भरपूर.

लेख महाराष्ट्रातल्या छोट्या-मध्यम कारखान्यांसाठी आहे. उदाहरणाला चाकण परिसरातलं पावडर कोटिंगचं जॉबवर्क करणारं एक काल्पनिक युनिट घेऊ. पावडर मारण्याआधी पत्रा सेव्हन टँक प्रोसेसमधून जातो: डिग्रीसिंग (तेलकटपणा काढणं), धुणं, गंज काढणं, पुन्हा धुणं, फॉस्फेटिंग (फॉस्फेटचा थर चढवणं), आणखी एक धुणं आणि शेवटी पॅसिव्हेशन (तो थर गंजाविरुद्ध पक्का करणं). टाक्यांचा क्रम थोडा इकडेतिकडे असतो, पण सांडपाणी आणि घातक कचरा दोन्ही या ओळीतूनच निघतात. प्लेटिंग, अॅनोडायझिंग, डाईंग, छोटं केमिकल युनिट असेल तर रसायनं बदलतील, रीत हीच राहील.

पैसे नेमके कशाचे

परवानगी तीन कायद्यांखाली लागते. सांडपाण्यासाठी १९७४ चा जल प्रदूषण प्रतिबंध कायदा, धूर-वाफेसाठी १९८१ चा हवा प्रदूषण कायदा आणि घातक कचऱ्यासाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे २०१६ चे नियम. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ हे तिन्ही एकाच पत्रात देतं. त्याला कम्बाइन्ड कन्सेंट म्हणतात, बोलताना नुसतं 'कन्सेंट'.

मंडळाचं संमती शुल्क तीन गोष्टींवर ठरतं: तुमची भांडवली गुंतवणूक, उद्योगाचा रंग म्हणजे लाल, नारिंगी किंवा हिरवा वर्ग, आणि किती वर्षांसाठी मागता ती मुदत. फॉस्फेटिंग, पिकलिंग, प्लेटिंग ही धातूच्या पृष्ठभागावरची कामं लाल वर्गात येतात. 'आमचं तर नुसतं पावडर कोटिंग' असं म्हणून अर्जात नारिंगी लिहू नका. टाक्या शेडमध्ये उभ्या आहेत, भेटीला आलेल्या अधिकाऱ्याला त्या दिसणारच.

या शुल्कात बाकीचे खर्च मिसळू नका. सीईटीपीची, म्हणजे सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची, वर्गणी, घातक कचऱ्याच्या सामाईक प्रक्रिया केंद्राचं बिल आणि प्रयोगशाळेचे पैसे वेगळे. बँक गॅरंटी तर शुल्कच नाही. अटी पाळल्या तर ती परत मिळते, मोडल्या तर जप्त होते. पाण्याच्या सेसबद्दल अजूनही विचारणा होते, म्हणून सांगतो: तो सेस जीएसटी आला तेव्हाच, १ जुलै २०१७ पासून, बंद झाला. त्याच्या नावाने कोणी आज रक्कम मागत असेल तर देऊ नका.

पायरी पहिली: जुनं पत्र शेवटच्या पानापर्यंत वाचा

पहिल्या पानावरची तारीख सगळे बघतात. काम असतं ते पुढच्या पानांवर. उत्पादनांची यादी आणि प्रत्येकाची कमाल क्षमता, पाण्याचा वापर, सांडपाण्याचं प्रमाण आणि त्याची मानकं, घातक कचऱ्याचा तक्ता, बँक गॅरंटीचं परिशिष्ट. हे सगळे आकडे एका कागदावर उतरवून घ्या. पुढचं सगळं काम याच कागदाशी पडताळून करायचं आहे.

मंडळाच्या पत्रात साधारणपणे मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा अशी अट असते. माझा आग्रह मात्र सहा महिने आधी कामाला लागण्याचा आहे. राहिलेल्या मॅनिफेस्टच्या प्रती गोळा करायला वेळ लागतो. सांडपाण्याचा नमुना नापास झाला तर ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी प्रक्रिया संयंत्र) दुरुस्त करून पुन्हा तपासणी करायलाही वेळ हवा. ६० दिवसांत हे सगळं बसवायला गेलं की माणूस घाईत काहीतरी लिहून टाकतो, आणि ते लिहिलेलं पुढची काही वर्षं अंगावर राहतं.

पायरी दुसरी: ताळा

पाण्यापासून सुरुवात करा. एमआयडीसीची मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. समजा एका महिन्याचा वापर ३३८ घनमीटर आणि कामाचे दिवस २६. म्हणजे दिवसाला १३ घनमीटर. कन्सेंटवर मंजूर आहेत १०. हा फरक मंडळाच्या टेबलावर दोन मिनिटांत निघतो, कारण बिल तुम्हीच जोडलेलं असतं. टँकर मागवत असाल किंवा बोअरचं पाणी वापरत असाल तर तेही धरा.

मग हे पाणी जातं कुठे ते लिहा: टाक्या आणि धुणं, संडास-बाथरूम-कँटीन, बाग, बाष्पीभवन. धुण्याच्या टाकीत किती पाणी येतं ते अंदाजाने लिहू नका. इनलेटला शे-दोनशे लिटरचा ड्रम लावा, तो भरायला किती मिनिटं लागतात ते बघा आणि शिफ्टच्या तासांनी गुणा. बहुतेक ठिकाणी धुण्याचा नळ जेवणाच्या सुट्टीतही चालू सापडतो.

वापर जास्त निघाला तर दोन रस्ते आहेत. एक, वाढीव वापर आणि सांडपाणी रीतसर मंजूर करून घेणं. दुसरा, वापर खरोखर कमी करणं, आणि मी आधी हाच सुचवतो. धुण्याच्या दोन टाक्या एकापाठोपाठ जोडा. ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडा आणि तिचं ओव्हरफ्लो आधीच्या टाकीत न्या, म्हणजे जॉब एका दिशेने जातो आणि पाणी उलट दिशेने. याला काउंटर करंट रिन्सिंग म्हणतात. थोडं पाइपकाम आणि टाक्यांच्या उंचीत थोडा फरक, एवढ्यावर होतं. टाकीतून बाहेर काढलेला जॉब निथळायला अर्धा मिनिट जास्त टांगून ठेवला तर रसायनही वाचतं आणि ईटीपीवरचा भारही उतरतो. चाकणच्या आजूबाजूचे ओढे शेवटी इंद्रायणी-भीमेलाच मिळतात. खाली तेच पाणी शेताला जातं, गुरं पितात. आकडा कागदावर जुळवण्यापेक्षा नळावर जुळवलेला बरा.

आता घातक कचरा. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत प्रत्येक प्रकाराला क्रमांक आहे. आपल्या युनिटला मुख्यतः चार लागतात: ईटीपीचा रासायनिक गाळ ३५.३, फॉस्फेट टाकीच्या तळाचा गाळ १२.५, वापरलेलं तेल ५.१ आणि रसायनांची रिकामी पिंपं-कॅन ३३.१. इथे नेहमीची चूक अशी की फॉस्फेट टाकीचा राखाडी-पांढरा गाळ खरवडून काढला जातो आणि ईटीपीच्या फिल्टर प्रेसमधून निघणाऱ्या दाबलेल्या गाळाबरोबर, म्हणजे केकबरोबर, एकाच गोणीत भरला जातो. मग १२.५ च्या रकान्यात वर्षभर शून्य दिसतं. टाकी चालू आहे आणि गाळ शून्य, हे कोणालाच पटत नाही. दोन्ही गोण्या वेगळ्या ठेवा, वेगळं वजन करा.

रोजची नोंद फॉर्म ३ मध्ये, पाठवणी फॉर्म १० च्या मॅनिफेस्टवर, वर्षाची बेरीज फॉर्म ४ मध्ये. तिन्ही समोरासमोर मांडा. आपल्या उदाहरणात कन्सेंटवर ३५.३ खाली वर्षाला सहा टन मंजूर, फॉर्म ४ मध्येही सहा टन, आणि मॅनिफेस्टची बेरीज ३.२ टन. उरलेले २.८ टन कुठे? बऱ्याचदा खरं उत्तर साधं असतं. प्रेसमधून निघालेला केक ओला होता, शेडमध्ये वाळला, वजन घटलं आणि फॉर्म ४ भरणाऱ्याने मंजूर आकडाच उचलून लिहिला. पण हे सिद्ध करायला फॉर्म ३ मध्ये ओलं आणि सुकं अशी दोन्ही वजनं नोंदलेली हवीत. नोंद नसेल तर त्या २.८ टनांचा अर्थ एकच काढला जातो: रात्री कुठेतरी टाकला. हा संशय प्रामाणिक माणसावर येऊ नये, म्हणून वजनकाटा गाळाच्या शेडमध्येच ठेवा.

साठवणुकीची मुदत ९० दिवसांची आहे. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा करणाऱ्या छोट्या युनिटला मंडळ ती १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं, पण ते मागावं लागतं, आपोआप मिळत नाही. गोणीवरचं लेबल फॉर्म ८ प्रमाणे हवं: चमकदार पिवळ्या रंगावर लाल अक्षरात 'घातक कचरा' आणि 'काळजीपूर्वक हाताळा', हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत, पाण्याने न पुसणारं. गोणी उचलणाऱ्या माणसाला ते वाचता यायला हवं, म्हणून मराठी मजकूर टाळू नका. शेडला छप्पर, पक्का तळ आणि सांडलेलं अडवणारा कठडाही हवा.

मॅनिफेस्टच्या सात प्रती असतात आणि प्रत्येकीचा रंग ठरलेला आहे. तुमच्याकडे राहते पिवळी, वाहतूकदाराची सही घेतलेली. पांढरी तुम्ही मंडळाला पाठवता. माल पोचल्यावर स्वीकारणारा निळी तुम्हाला परत पाठवतो. ही निळी प्रत हाच कचरा पोचल्याचा पुरावा, आणि फाइलमधून हमखास गहाळ असते तीच. प्रत्येक पिवळ्या प्रतीला तिची निळी लावून ठेवा. जी नाही ती केंद्राकडून आताच मागवा. पुणे भागासाठी सामाईक केंद्र रांजणगावला आहे, बाकी राज्यात तळोजा, महापे आणि बुटीबोरी इथे. तुमचं सभासदत्व चालू आहे ना, तेही बघून घ्या. तेल आणि पिंपं परवानाधारक पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवीत. भंगारवाल्याला विकलेलं पिंप पुढे कोणाच्या तरी घरी पाणी साठवायला जातं.

उरली गुंतवणूक. सीए सर्टिफिकेट ग्रॉस ब्लॉकचं लागतं, म्हणजे जमीन, इमारत, यंत्रसामग्री यांची मूळ किंमत, घसारा वजा न करता. सीए मंडळी सवयीने ताळेबंदातली घसाऱ्यानंतरची रक्कम देतात. तिने शुल्क कमी भरतं, क्वेरी निघते आणि फरक भरावा लागतो. मागच्या कन्सेंटनंतर नवीन ओव्हन किंवा कन्व्हेअर घेतला असेल तर तो धरलेला असू द्या. गाळा भाड्याचा असेल तर करार जोडा आणि सर्टिफिकेटात तसं स्पष्ट लिहून घ्या.

पायरी तिसरी: नूतनीकरण की विस्तार

उत्पादन मंजूर क्षमतेच्या वर गेलं असेल, नवं उत्पादन घेतलं असेल किंवा सांडपाण्याचा भार वाढला असेल तर ते साधं नूतनीकरण राहत नाही. विस्तारासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. उलट, उत्पादन आणि प्रदूषणाचा भार तेवढाच आणि गुंतवणुकीतली वाढ १० टक्क्यांच्या आत असेल तर स्वयंप्रमाणपत्रावर नूतनीकरणाची सोय मंडळाने दिलेली आहे. सोय चांगली आहे, पण खाली सही तुमची असते. ताळा न करता केलेलं स्वयंप्रमाणपत्र पुढे खोटं ठरलं तर सल्लागार नव्हे, तुम्ही उत्तर द्यायचं.

पायरी चौथी: अर्ज आणि शुल्क

मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवरचं खातं कारखान्याच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाइलवर हवं. सल्लागाराने स्वतःचा नंबर टाकलेला असतो, क्वेरी त्याच्याकडे जाते आणि मालकाला दोन महिन्यांनी कळतं. हे आधी बदलून घ्या.

सोबत लागतात: जुनं कन्सेंट, सीए सर्टिफिकेट, उत्पादनाची प्रक्रिया आणि पाण्याचा ताळेबंद, ईटीपीचा आराखडा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा सांडपाण्याचा अहवाल, फॉर्म ४, पर्यावरण विवरणपत्र, सामाईक केंद्राचं सभासदत्व, आणि जुन्या कन्सेंटच्या प्रत्येक अटीपुढे काय केलं ते सांगणारा अनुपालन अहवाल. या शेवटच्या कागदावर 'कम्प्लाइड' एवढंच लिहून भागवू नका. ईटीपीला वेगळं मीटर बसवण्याची अट असेल तर मीटरचा फोटो आणि महिन्याची रीडिंग्ज द्या. चुना, पॉली (गाळ खाली बसवणारं पॉलिइलेक्ट्रोलाइट) यांची खरेदीबिलं लावा. ईटीपी चालतो हे विजेच्या आणि चुन्याच्या बिलातून जितकं दिसतं तितकं दहा ओळींच्या वर्णनातून दिसत नाही.

शुल्काची रक्कम काढताना जुन्या पावतीवरून अंदाज बांधू नका. केंद्राने २०२५ मध्ये संमतीसाठी देशभर लागू होणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत आणि मुदत, वर्ग, शुल्क यांचे नियम त्यानुसार बदलत आहेत. ज्या आठवड्यात अर्ज करणार, त्या आठवड्यात पोर्टलवरचा शुल्कतक्ता उघडा, गुंतवणुकीची ओळ आणि रंगाचा रकाना जुळवा, वर्षांनी गुणा. पैसे ऑनलाइन भरताना मध्येच साइट थांबली तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी बँकेत व्यवहार गेला का ते बघा, व्यवहार क्रमांक आणि चलन दोन्ही जपून ठेवा. पैसे शक्य तितक्या लांब मुदतीचे भरावेत असं माझं मत आहे. दरवर्षी किंवा दोन वर्षांनी हा सगळा खटाटोप करण्यात छोट्या युनिटचं नुकसानच होतं.

पायरी पाचवी: भेट आणि जेव्हीएस

उपप्रादेशिक कार्यालयाचे क्षेत्र अधिकारी येतात, फिरून बघतात आणि ईटीपीच्या आउटलेटचा नमुना घेतात. त्यालाच जेव्हीएस, म्हणजे जॉइंट व्हिजिलन्स सॅम्पलिंग, म्हणतात. त्या दिवशी ईटीपीवरचा ऑपरेटर रजेवर नको. पीएच मीटर चालू आणि लॉगबुक कालपर्यंत भरलेलं हवं. नमुन्याच्या कागदावर सही करताना कुठून घेतला आणि किती वाजता, हे वाचून मगच करा.

नद्यांत सोडायच्या सांडपाण्याची देशपातळीवरची सर्वसाधारण मानकं अशी: बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी) ३०, सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) २५०, तरंगते घन १००, तेल-ग्रीस १०, सगळं लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम फक्त ०.१. तुमच्या कन्सेंटवर वेगळे आकडे असतील तर तेच धरायचे. पॅसिव्हेशनला अजून क्रोमिक अॅसिड वापरत असाल तर नुसता चुना टाकून ते क्रोमियम बसत नाही. आधी पीएच खाली आणून सोडियम मेटाबायसल्फाइटने त्याचं रूप बदलावं लागतं आणि मग चुना. शक्य असेल तर क्रोममुक्त पॅसिव्हेशनला जा. टाकीवर वाकून काम करणारी पोरं ती वाफ रोज घेतात.

आउटलेटला साधं पाणी मिसळून नमुना पास करण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाला पुन्हा कारखान्यात घेऊ नका.

क्वेरी आली तर

एका क्वेरीत चार मुद्दे असतील तर चारही मुद्द्यांना क्रमाने, कागदासकट, एकाच वेळी उत्तर द्या. अर्धवट उत्तराने फाइल पुन्हा रांगेच्या शेवटी जाते. जल कायद्याच्या कलम २५ मध्ये, सर्व बाबतींत पूर्ण असलेल्या अर्जावर चार महिन्यांत निर्णय झाला नाही तर संमती दिली असं मानण्याची तरतूद आहे. यातला 'पूर्ण' हा शब्द विसरून लोक निर्धास्त होतात. क्वेरी बाकी असताना या तरतुदीच्या भरवशावर कारखाना चालवू नका.

मुदत आधीच संपली असेल तर

जुनी तारीख घालून काही जुळवायला जाऊ नका, आज अर्ज करा. उशीर का झाला ते दोन ओळींत लिहा आणि मधल्या काळातले प्रयोगशाळेचे अहवाल, मॅनिफेस्ट, लॉगबुक जोडा. मधल्या काळातही ईटीपी चालू होता, हीच तुमची सर्वांत भक्कम बाजू.

या काळात सांडपाणी मानकाबाहेर सापडलं तर पर्यावरणीय भरपाई लागू शकते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र सरळ गुणाकाराचं आहे: प्रदूषण निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा गुणक, उद्योगाचा आकार, ठिकाण. लाल वर्गाला ८०, गुणक साधारण २५०, लहान उद्योगाला ०.५, दहा लाखांच्या आत लोकसंख्येच्या ठिकाणाला १. उल्लंघन ४५ दिवस चाललं तर ८० × ४५ × २५० × ०.५ × १, म्हणजे साडेचार लाख रुपये. दिवस मोजले जातात ते उल्लंघन दिसल्यापासून दुरुस्तीची पडताळणी होईपर्यंत. म्हणून दुरुस्ती झाली की त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या. घातक कचऱ्याच्या नियमभंगाला पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १ एप्रिल २०२४ पासून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंत दंड आहे, तो निराळा.

नवं पत्र हातात आल्यावर

त्याच दिवशी वाचा. उत्पादनाचं एकक चुकलेलं, गाळाचा क्रमांक गळलेला, पाण्याचा आकडा जुनाच छापलेला, हे सगळं घडतं, आणि दुरुस्तीचा अर्ज पत्र ताजं असतानाच लवकर निघतो. बँक गॅरंटी पत्रात दिलेल्या दिवसांत, दिलेल्या मजकुरातच करून द्या आणि तिची स्वतःची मुदत वेगळी लिहून ठेवा. फॉर्म ४ दरवर्षी ३० जूनपर्यंत आणि पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत भरायचं. गेटवरच्या फलकावरचे कचऱ्याचे आकडेही नव्या पत्राप्रमाणे बदला.

संमती नाकारली किंवा पाळता न येणारी अट घातली तर अपिलाला ३० दिवस असतात. जल आणि हवा कायद्यांचं अपील त्या त्या कायद्याखालच्या अपील प्राधिकरणाकडे, घातक कचऱ्याचं राज्याच्या पर्यावरण विभागाच्या सचिवांकडे फॉर्म १२ मध्ये. हे दिवस आदेश तुमच्या हाती आल्यापासून मोजतात, त्यामुळे आदेशाचं पाकीट किंवा ईमेल तारखेसह जपून ठेवा आणि कार्यालयात तोंडी विनंत्या करण्यात त्यातले तीन आठवडे घालवू नका.